ड्रॉइंगवरचं ए/एफ, पीसीडी, टीवायपी कसं वाचायचं?

शिरोली_अप्रेंटिस:
नमस्कार. आयटीआय करून शिरोली एमआयडीसीत अप्रेंटिस लागलोय, तिसरा महिना. आज एका फ्लँजचं, म्हणजे बोल्टने जोडायच्या गोल चकतीचं, ड्रॉइंग हातात आलं. त्यावर (मापं मिमीत) "६ होल्स एम८, २० डीपी, ९० पीसीडी, इक्वीस्पेस्ड", मधल्या षटकोनी बॉसला (उंचवट्याला) "२४ ए/एफ", एका रेडियसपुढे "टीवायपी" आणि एक माप कंसात. पीसीडी म्हणजे पिच सर्कल डायमीटर, होल्सची सेंटर ज्या वर्तुळावर येतात त्याचा व्यास, हे माहीत आहे, पण चेक कसा करायचा? सुपरवायझरना विचारायला भीड वाटते.

भोसरीचा_टर्नर:
भीड सोड रे. मी विचारलं नाही म्हणून चाळीस नग भंगारात गेले, आजही ते डोळ्यांसमोर येतात. ए/एफ म्हणजे अक्रॉस फ्लॅट्स, षटकोनाच्या समोरासमोरच्या सपाट बाजूंमधलं अंतर, म्हणजेच पान्याचं माप. मी २४ हा डाया (व्यास) समजलो, बार २४ ला टर्न केला आणि मिलिंगवर सहा बाजू काढल्या. २४ चा पाना लावला तर नुसता फिरला. फ्लॅटवर २०.८ च उरले होते! कोपऱ्यावर २४ गुणिले १.१५५, म्हणजे २७.७ लागतात.

पीसीडीचं सोपं आहे. सहा होल्स असली की शेजारच्या दोघांचं सेंटर अंतर पीसीडीच्या निम्मं, इथे ४५. टॅप मारायच्या, म्हणजे एम८ चे (८ मिमीचे) आटे पाडायच्या आधी, ६.८ चं ड्रिल झाल्यावर, आतल्या कडांमधलं अंतर व्हर्नियरने घे. ३८.२ आलं की त्यात ६.८ मिळव, झाले ४५.

२० डीपी ही पूर्ण आट्यांची खोली. टॅपचं टोक निमुळतं असतं, म्हणून ड्रिल त्याहून खोल जायला हवं. आधी खाली किती मटेरियल आहे ते बघ.

कंसातलं माप रेफरन्स. ते बाकीच्या मापांवरून आपोआप येतं, त्यावर नग पास-नापास करत नाहीत.

क्यूसी_ताई:
टीवायपी म्हणजे टिपिकल, तशा सगळ्या जागी तेच माप. पण "तशा" म्हणजे कुठल्या, हे ड्रॉइंग सांगत नाही, म्हणून मला तो शब्द आवडत नाही. रेडियस मोज आणि विचारून घे. ९० ला टॉलरन्स (मापात चालणारा फरक) दिलेला नसेल तर टायटल ब्लॉक (ड्रॉइंगवरची माहितीची चौकट) बघ. तिथे आयएसओ २७६८-एम (सर्वसाधारण टॉलरन्सचं मानक) असेल तर ±०.३, म्हणजे तुझ्या ४५ ला ±०.१५.

शिरोली_अप्रेंटिस:
दादा, ताई, मनापासून आभार. ४५.१ आलं. स्टोअरमधून २४ चा बार काढला होता, तो परत केला. टीवायपीचं सुपरवायझरना विचारलं: पाचपैकी चारच जागी आर२ (रेडियस २) आहे, पाचवा आर३. मी पाचही आर२ करणार होतो.