मदत हवी आहे: गोधडीच्या उरेब (कापडाच्या धाग्यांना तिरक्या कापलेल्या) कडा ताणल्या आहेत, काठ कसा लावू?

नमस्कार. माझी गोधडी काठापाशी येऊन अडली आहे. तिरक्या मांडणीच्या गोधड्या ज्यांनी शिवल्या आहेत त्यांचा सल्ला हवा आहे.

वरचा थर सुती. ९ इंची चौकोन टोकावर उभे मांडले आहेत, आडवे ४ आणि उभे ५. त्यांच्या मधल्या जागांत बसणारे १२ धरून एकूण ३२. बाजूच्या १४ त्रिकोणांना पट्ट्यापट्ट्यांचं कापड वापरलं. नेहमीप्रमाणे १४ इंची चौकोनाचे चार त्रिकोण केले असते तर लांब बाजू सरळ धाग्यावर आली असती, पण मग निम्म्या त्रिकोणांत पट्टे कडेला समांतर आणि निम्म्यांत काटकोनात आले असते. मला ते चौकोनांच्या बाजूंना धरून हवे होते, म्हणून ९⅞ इंची चौकोनांचे दोन-दोन त्रिकोण केले. दिसायला अगदी मनासारखं झालंय, त्यात बदल करायचा नाही. पण यामुळे बाहेरची जवळजवळ सगळी कड उरेब आहे.

मापं अशी: मधून रुंदी ५१½, लांबी ६४. कडेने मोजलं तर वर-खाली ५२¾, डावीकडे ६५¾, उजवीकडे ६५½. जमिनीवर पसरली की मध्य सपाट बसतो आणि कडांना झोळ येतो.

काठाच्या पट्ट्या ५½ इंच रुंद घेणार आहे, अजून कापल्या नाहीत. त्या कडेच्या मापाने कापू की मधल्या? आणि पावणेदोन इंच जास्तीचं कापड चुणी न पडता सामावेल का? कडा छाटायचा पर्याय नको, चौकोनांची टोकं जातील.

प्रतिसाद

मधल्या मापाने. यात अजिबात तडजोड करू नका. ९ इंची चौकोनाचा कर्ण १२.७३, त्याची चारपट ५०.९ आणि शिलाईचा अर्धा इंच धरून ५१.४. लांबीचा हिशोबही ६४.१ येतो. म्हणजे मध्य बरोबर आहे, फक्त कड वाढली आहे. वाढलेल्या कडेइतका काठ लावलात तर तो झोळ कायमचा शिवला जाईल, आणि भरण घालून टाके घातले तरी जाणार नाही. लांब पट्टी नुसती शिवत जायची आणि शेवटी उरलेली कापायची, ही घाईची पद्धत तर उरेब कडेवर मुळीच नको.

प्रतिसाद

ताई, पावणेदोन इंच ऐकायला फार वाटतं, पण ते ६४ इंचांत वाटलं जाणार आहे. पट्टीला घडी घालून अर्ध, पाव, अष्टमांश अशा खुणा करा. गोधडीच्या कडेलाही तशाच आठ भागांच्या खुणा करा आणि खुणेवर खूण ठेवून टाचण्या लावा. मग एका भागात, म्हणजे ८ इंचांत, जेमतेम पाव इंच जास्तीचं राहतं. उरेब कापड तेवढं सहज जिरवून घेतं, कारण ते जसं ताणतं तसंच आकसतंही.

त्याआधी कडेपासून अष्टमांश इंचावर, म्हणजे शिलाईच्या आतच लपेल अशी, लांब टाक्याची एक टीप मारा. दोरा हलकेच ओढून कड मधल्या मापापर्यंत आणा. चुण्या दिसतील इतकं ओढायचं नाही, कड नुसती किंचित गोळा व्हायला हवी. मग वाफेची इस्त्री वरून दाबायची आणि उचलायची. सरकवायची नाही, उरेब कापडावर इस्त्री सरकवली की कड पुन्हा लांबते. सुकल्यावर खळीचा हलका फवारा मारून परत तसंच दाबून घ्या.

शिवताना गोधडी खाली, काठ वर. मशीनचे दात खालचा थर जरा जास्त ओढून घेतात, त्यामुळे जास्तीचं कापड आपोआप सामावतं.

धागालेखिका

हे फार उपयोगी आहे, आभार! एक शंका: काठ वर ठेवला तर चौकोनांची टोकं दिसणार नाहीत. टोकं शिलाईत गेली तर?

प्रतिसाद

त्यासाठी आधी मोठ्या टाक्याने कच्ची शिलाई घाला आणि उलटून एकेक टोक तपासा. जिथे टोक कापलं जातंय तिथला तीन-चार इंचांचा भाग उसवून नीट करा, मगच पक्की शिलाई. वेळ जातो, पण टोकं शाबूत असलेली गोधडी बघताना तो वेळ सार्थकी लागल्यासारखं वाटतं.

काठाच्या पट्ट्या उभ्या धाग्यावर, कापडाच्या किनारीला समांतर कापता आल्या तर उत्तम. तो धागा सगळ्यात कमी ताणतो आणि बाहेरून गोधडीला धरून ठेवतो. आडव्यात कापून जोड द्यायचा असेल तर तिरका द्या.

धागालेखिका

दोन्ही उभे काठ लावून झाले. ६४ ची पट्टी, आठ भाग, आधी ओढलेली टीप. डावी कड, जी जास्त वाढली होती, ती उजवीपेक्षाही सपाट बसली आहे, कारण तिला टीप जरा जास्त काळजीने ओढली होती. टोकं सगळी शाबूत. आता वरचा आणि खालचा काठ. आडवं माप आता नव्याने घ्यायचं ना?

प्रतिसाद

हो, लावलेल्या काठांसकट, मधूनच. ५१½ मध्ये दोन्ही बाजूंचे ५-५ इंच (५½ मधला अर्धा इंच शिलाईत जातो) मिळून ६१½ यायला हवं. पट्टी तेवढीच कापा. इथे खुणा मात्र पट्टीच्या समान भागांवर करू नका. दोन्ही टोकांचे पाच-पाच इंच तुमच्या उभ्या काठांचे, ते सरळ धाग्यावर आहेत आणि त्यांत काही सामावायचं नाही. जास्तीचा सव्वा इंच सगळा मधल्या भागातच वाटायचा. आणि पुढे थर जोडून टाके घालाल तेव्हा आधी काठाच्या जोडालगत चारही बाजूंनी एक ओळ घालून घ्या, मग आतलं काम. त्याने उरेब कड टाके घालताना हलत नाही.