घरामागे कुकंबर ट्री लावावं का? (मूळचं इथलं मॅग्नोलिया)

ओसरी:
आम्ही पेनसिल्व्हेनियात असतो, घरामागे एका मोठ्या झाडापुरती जागा आहे. आजूबाजूला सगळीकडे ते गुलाबी सॉसर मॅग्नोलिया आहे पण ते मूळचं इथलं नाही, शिवाय कळ्या उमलल्या रे उमलल्या की नेमका फ्रॉस्ट (रात्रीची गोठवणारी थंडी) येतो आणि पाकळ्या तपकिरी. नर्सरीवाला म्हणाला कुकंबर ट्री लावा, तेही पानगळीचं मॅग्नोलियाच, इथल्या जंगलातलं. माती चिकण आहे, उताराच्या खालच्या टोकाला पाणी साठतं. चालेल का? आणि फुलं फोटोत धड दिसतच नाहीत, असं का?

कुदळफावडं:
झाडावर तरी कुठे दिसतात :) हिरवट पिवळी, दोन-तीन इंचांची, ती पण पानं फुटल्यावर आणि पार वर, त्यामुळे पानांत पान. उशिरा फुलतं म्हणून फ्रॉस्टच्या तावडीतून बहुतेक सुटतं एवढं मात्र खरं. फुलांसाठी लावणार असाल तर नाद सोडा, हे सावलीचं झाड आहे, आरामात ६०-८० फूट जातं. बघण्यासारखं असतं ते फळ. कोवळं असताना हिरवं, गाठीगाठीचं, बोटभर काकडीसारखं (नाव त्यावरूनच), मग लाल होतं, उकलतं आणि शेंदरी बिया पांढऱ्या बारीक धाग्यांना लोंबकळत राहतात.
आणि पाणी साठतं तिथे अजिबात नको.

निवांत:
+१. मॅग्नोलियाची मुळं मांसल असतात, पाण्यात राहिली की कुजतात. पण म्हणून उताराच्या पार वर कोरड्यात नेऊन लावू नका, दुष्काळही त्याला सोसत नाही. अ‍ॅपलेशियन डोंगरांत ते ओलसर उतारांवर, ओढ्यांच्या आसपास येतं, खोल आणि निचऱ्याची, जराशी आम्लधर्मी माती. तुमच्याकडे उताराचा मधला भाग बघा. चिकण माती चालून जाईल पण दाबली गेलेली नको, बांधकामाचं मशीन फिरलेली जागा असेल तर सोडूनच द्या. खड्डा रुंद घ्या, खोल नको, वर पानांचा थर द्या, बुंध्याला चिकटवून नाही. आणि लहान रोप घ्या, वसंतात लावा, मोठं झालेलं मॅग्नोलिया हलवणं म्हणजे मुळं तोडणंच, नंतर जागा बदलू म्हणाल तर ते जमणार नाही.

मेपलवाडी:
आम्ही ओंटारिओत. कॅनडात मूळचं मॅग्नोलिया हे एकच, आणि तेही फक्त दक्षिणेत ईरी सरोवराच्या बाजूला थोडंसं उरलंय, एन्डेंजर्ड यादीत आहे. तुमच्याकडे मिळतंय तर लावाच.

ओसरी:
सगळ्यांचे आभार! मधल्या उतारावर बघतो. पण बायकोला (हो, आयडी तिचा, आत्ता टाइप मी करतोय) फुलं हवीच आहेत, काही मधला मार्ग?

कुदळफावडं:
मग 'एलिझाबेथ' बघा. कुकंबर ट्री आणि चिनी युलान मॅग्नोलियाचा संकर, ब्रुकलिन बोटॅनिक गार्डनमध्ये केलेला, फिकट पिवळी मोठी फुलं, झाडही बेताचं राहतं. अर्धं परदेशी आहे, तेवढं चालवून घ्यावं लागेल. मोठंच लावणार असाल तर वरून विजेच्या तारा जात नाहीत ना तेवढं आधी बघा.