मदत हवी आहे: वजनावरून मिळालेल्या डिस्चार्जविरुद्ध अपील

नमस्कार मंडळी,

धाकट्या भावाला अमेरिकी सैन्यातून वजनाच्या निकषावरून काढलं. डीडी-२१४ वर (सेवामुक्तीचा दाखला) शेरा 'जनरल', म्हणजे एक पायरी खालचा, 'ऑनरेबल' (सन्मानाने) नाही, म्हणून ९/११ नंतरच्या जीआय बिलातून (माजी सैनिकांच्या शिक्षणाची सरकारी योजना) कॉलेजची फी मिळत नाही. पोटाला टेप लावून मोजमाप झालं, तेव्हा तो आधीच थकलेला, सुजलेला असायचा. थायरॉइड निघाला नंतर. (आम्ही मात्र त्याच्या खाण्यालाच बोल लावत होतो!)

डिस्चार्जचा शेरा तपासणाऱ्या रिव्ह्यू बोर्डाकडे डीडी-२९३ हा अर्ज भरायला १५ वर्षं असतात, लष्करी रेकॉर्ड दुरुस्तीच्या डीडी-१४९ अर्जाला ३ वर्षं. त्याला बाहेर पडून दोन झाली. आधी कुठला भरावा? नंतरचा थायरॉइड रिपोर्ट पुरावा म्हणून चालतो का? कुणी प्रत्यक्ष सुनावणी मागितली होती का?