'शॉक'ला 'धक्का' म्हणावे का?

प्रश्न: गंभीर जखमींच्या प्रथमोपचाराविषयीची एक भाषांतरित पुस्तिका तपासताना 'रुग्ण धक्क्यात गेला' असे वाक्य आढळले. मला वाटले, अपघात पाहून माणूस घाबरला असावा. पुढचे वर्णन मात्र रक्तस्रावाचे होते. वैद्यकातील 'शॉक'साठी 'धक्का' हा शब्द चालेल का?

उत्तर: माझ्या मते चालू नये, आणि त्याचे कारण आपण दिलेल्या वाक्यातच आहे. गर्दीतला, विजेचा किंवा वाईट बातमीचा, कोणताही धक्का मराठीत 'बसतो' नाहीतर 'लागतो'. माणूस धक्क्यात 'जात' नाही. शॉकमध्ये मात्र रुग्ण 'जातो', कारण शॉक ही क्षणात घडून संपणारी घटना नसून रक्ताभिसरण इतके अपुरे पडण्याची अवस्था आहे की पेशींना पुरेसा प्राणवायू मिळत नाही. दवाखान्यात नातेवाइकांना 'त्यांना धक्का बसला आहे' असे सांगितले, तर ते रुग्णाला धीर देऊ लागतील, आणि त्याला खरी गरज असेल ती रक्त थांबवण्याची.

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण 5 लिटर रक्त असते. त्यातले पाऊण लिटर गेले तरी बाहेरून फारसे काही जाणवत नाही. त्याहून अधिक जाऊ लागले की नाडी जलद होते, त्वचेतील रक्तवाहिन्या आकसतात आणि उरलेले रक्त हृदय व मेंदूकडे वळवले जाते; म्हणून रुग्ण पांढराफटक पडतो, त्याला घाम सुटतो, तहान लागते. या टप्प्यावर वरचा रक्तदाब अनेकदा ठीकच दिसतो, आणि तो उतरेपर्यंत बहुधा 30 टक्क्यांच्या आसपास रक्त गेलेले असते. हे सारे मराठी बोलणाऱ्यांनी फार पूर्वीच टिपलेले आहे, असे मला 'हातपाय गार पडले', 'नाडी लागत नाही' या वाक्प्रयोगांवरून वाटते. पुस्तिकेत 'शॉक' हाच रुळलेला शब्द ठेवून पहिल्या उल्लेखाशी 'रक्ताभिसरण कोलमडणे' असा खुलासा द्यावा आणि लक्षणे याच घरगुती शब्दांत लिहावीत.

'आघात'ही सांभाळून वापरावा. तो शरीरावर होतो तसा मनावरही होतो, त्यामुळे संदर्भ स्पष्ट नसेल तर 'गंभीर इजा' बरे.

प्रश्न: मग 'मुका मार' हा शब्द अशा पुस्तिकेत ठेवावा का? तो फार बोलीतला वाटतो.

उत्तर: अवश्य ठेवावा, 'जखम' म्हटले की फाटलेली कातडी डोळ्यांपुढे येते आणि कातडी न फाटता झालेल्या इजेला याहून नेमका शब्द मला माहीत नाही. अडचण एवढीच की 'मुका मारच आहे' या वाक्यातला 'च' माणसाला गाफील ठेवतो. पोटावर मार बसून प्लीहा फाटली, तर बाहेर थेंबही न दिसता आत लिटरभर रक्त साचू शकते. म्हणून शब्दाशेजारी सूचना हवी: मार मुका असला तरी अंग गार पडत असेल, नाडी जलद असेल किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला असेल, तर त्याला काहीही खायला-प्यायला न देता, आडवे ठेवून, पांघरूण घालून तातडीने रुग्णालयात हलवावे. पांघरूण महत्त्वाचे, कारण शरीर थंड पडले की रक्त गोठण्याची क्रिया मंदावते आणि रक्तस्राव वाढतो.

त्याच पुस्तिकेतील 'जखम दाबणे' या सूचनेतही दुरुस्ती सुचवतो. 'दाबावी' एवढ्यावर न थांबता 'दाबून धरावी' असे लिहावे. दाबणे क्षणाचेही असते, धरण्यात सातत्य येते. रक्त थांबले का हे पाहण्यासाठी दर मिनिटाला कापड उचलले, तर नुकतीच धरू लागलेली गुठळी सुटते. कापड भिजले तर ते न काढता त्यावरच दुसरे ठेवावे आणि दाब तसाच ठेवावा. जखमेत काही रुतले असेल, तर ते न उपसता त्याच्या कडेने दाब द्यावा.

शेवटी 'रक्तस्त्राव' या लेखनाविषयी: मूळ धातू 'स्रु', म्हणजे वाहणे, असल्याने 'रक्तस्राव' हेच शुद्ध; त्यात 'त' येत नाही.