प्रतिसाद: ८० टक्के अचूकतेचं गणित
यंत्राने केलेल्या आवाजाच्या विश्लेषणावरून सगळ्याच विद्यार्थ्यांची नैराश्यासाठी तपासणी करावी, ८० टक्के अचूकता पुरेशी आहे, असं मूळ पोस्टमध्ये म्हटलंय. मला ते पटत नाही. नैराश्यात बोलणं संथ, एकसुरी होतं, मधले विराम लांबतात, हे खरंच. पण १००० मुलांत १०० जणांना त्रास आहे असं धरा. त्यातले ८० सापडतील, २० निसटतील, आणि उरलेल्या ९०० पैकी १८० जणांवर उगाच शिक्का बसेल! शिवाय सर्दी, जागरण, परक्या भाषेत बोलणं, यांनीही आवाज बदलतो. अडखळत बोलणाऱ्या मुलाचं काय? पीएचक्यू-९ या नैराश्य तपासणाऱ्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीत किमान विद्यार्थी आपला त्रास स्वतः सांगतो. नववा प्रश्न तर थेट मरणाच्या विचारांबद्दल आहे. यंत्राने कुणाकडे बोट दाखवलंच, तर समुपदेशकाने लगेच त्याच्याशी बोलावं. रेकॉर्डिंग शिक्षकांच्या हाती मात्र अजिबात जाऊ नये.