उष्टावण, उष्टी हळद, उष्टं ताट : हा ‘उष्टं’ शब्द नक्की कुठे कुठे जाऊन बसलाय?

लोकहो, एक शंका आहे. शंका माझी नाही, वहिनीची आहे, पण उत्तर मला देता आलं नाही म्हणून इथे टाकतेय.

भावाच्या मुलाला सहावा महिना लागला, पुढच्या रविवारी उष्टावण आहे. व्हॉट्सॅपवर पाठवायला आमंत्रण करत होते, त्यात मोठ्या अक्षरात ‘उष्टावण’ लिहिलं तर वहिनी (कोलकात्याची आहे, मराठी आता फर्मास बोलते) म्हणाली, ताई, उष्टं म्हणजे आमचं एँटो ना? मग बाळाच्या पहिल्या जेवणाला तुम्ही लोक असं घाण नाव का ठेवता? आमच्याकडे किती छान म्हणतात, मुखेभात. तोंडात भात. संपला विषय.

आता तिला उष्टं हा शब्द नीट माहितीय त्याचं कारण आमची आई. लोणच्याच्या बरणीत उष्टा चमचा घातला म्हणून गेली सहा वर्षं ती बोलणी खातेय. उष्टं वेगळं, खरकटं वेगळं, शिळं वेगळं हेही तिला आईनेच शिकवलं. कणीक मळून किंवा भात कालवून हात तसाच फ्रीजच्या दांड्याला लावला तर तो खरकटा हात. चव बघायला आमटीचा डाव तोंडाला लावून परत पातेल्यात बुडवला तर आख्खी आमटी उष्टी. आणि कालची पोळी, जिला कोणी हातही लावलेला नाही, ती शिळी, पण उष्टी अजिबात नाही, तिचा कुस्करा करून सगळ्यांनी खायचा. एवढे बारीक भेद करणारी भाषा बाळाच्या पहिल्या घासाला ‘उष्टं’ का म्हणते? मी तिला ‘अगं परंपरा आहे’ असं काहीतरी गुळमुळीत सांगून वेळ मारून नेली, पण पटलं मलाच नाही.

आणि उष्टावण ‘ती’ की ‘ते’? आई म्हणते उष्टावण झालं, सासूबाई म्हणतात उष्टावण झाली.

*

व्युत्पत्तीचं आधी बघू. उष्टं हे संस्कृत उच्छिष्टवरून आलंय, मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशातही तेच दिलंय. उद् + शिष्, म्हणजे मागे उरलेलं. ‘शेष’ त्याच धातूचा. म्हणजे मुळात त्यात तोंड लावण्याचा, लाळेचा काही संबंध नाही, नुसतं ‘उरलेलं’. काही लोक ओष्ठ म्हणजे ओठ, म्हणून उष्टं असं सांगतात, ऐकायला गोड आहे पण ते खरं नाही.

आणि वाईट अर्थ तर नाहीच नाही. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडात उच्छिष्टावर एक पूर्ण सूक्त आहे, यज्ञात उरलेला जो शेष त्यातच सगळं जग सामावलंय असं म्हणणारं. उच्छिष्ट गणपती हे गणपतीचं एक रूपही आहेच. आपल्याकडे तुकोबा ‘संतांचीं उच्छिष्टें बोलतों उत्तरें’ म्हणतात ते काही लाजून म्हणत नाहीत. तेव्हा वहिनींना सांगा, घाण वगैरे काही नाही.

उष्टावण हे उष्टावणे या क्रियापदाचं नाम. केळवणे केळवण, बोळवणे बोळवण, आठवणे आठवण, तसंच. केळवण नपुंसकलिंगी आणि आठवण स्त्रीलिंगी, म्हणजे तुमच्या आई आणि सासूबाई दोघी बरोबर.

*

वरचं सगळं मान्य पण वेद काढून उत्तर नाही मिळालं दादा, त्यांचा प्रश्न आजच्या उष्टंबद्दल आहे. आज कोणी उष्टं म्हटलं की ताट सरकवतोच ना आपण.

मी नागपूरची. आमच्याकडे उष्टं म्हणतेत आणि जुठं पण म्हणतेत, हिंदीमुळे. माझ्या ऑफिसात पाटण्याची एक जण आहे, तिच्या भाचीचा हाच कार्यक्रम झाला तर ती म्हणे मुँहजुठी आहे. मला हसूच आलं, म्हटलं सेम टू सेम! आणि तिच्या शब्दात कसं स्पष्ट आहे बघा, जुठं काय होतं तर तोंड. अन्न नाही. आपल्यातही म्हणतोच की, पाहुणा निघाला की ‘असे कसे जाता, दोन घास खाऊन तोंड तरी उष्टं करा’. तिथे कोणी म्हणत नाही का हो मला घाण करताय. उष्टावण म्हणजे तेच, बाळाचं तोंड पहिल्यांदा उष्टं झालं. आतापर्यंत नुसतं दूध, त्याने उष्टं होत नसते.

*

नागपूरकर ताई, जिंकलात. ‘तोंड उष्टं करा’ माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, रोज कानावर पडतं तरी. वहिनीला वाचून दाखवलं, ती म्हणाली हां, मग हे मुखेभातच झालं की, फक्त तुम्ही मराठी लोक सरळ सांगत नाही.

पण आता हा शब्द डोक्यात बसलाय आणि मला सारखी आजी (वडिलांची आई) आठवतेय, कारण तिचं आख्खं आयुष्य या एका शब्दावर मांडता येईल असं काल भांडी घासताना वाटलं. लांबण लागेल, कंटाळा आला तर पुढे जा.

तिची स्वतःची उष्टावण झालीच नाही असं ती सांगायची. घरात तिसरी मुलगी, पाचव्या महिन्यात करायची ती राहून गेली, मग एक दिवस तिच्या आजोबांनी जेवताजेवता ताटातला वरणभात बोटाने तिच्या तोंडात घातला, झालं. म्हणजे उष्ट्या ताटातलीच उष्टावण. चांदीची वाटी नाही, मामाची मांडी नाही, समोर पेन पुस्तक पैसे मांडून बाळ काय उचलतं बघायचं तेही नाही. भावांची मात्र साग्रसंगीत झाली होती, हे सांगताना ती दर वेळी थांबायची.

मग १९५५ साली लग्न. तिथे उष्टी हळद. आधी नवऱ्यामुलाला लावायची आणि उरलेली मुलीकडे पाठवायची. इथे वरच्या दादांचा ‘उरलेलं’ हा अर्थ अगदी शाबूत राहिलाय बघा, तोंडाचा काही संबंधच नाही. आजीची हळद वाईहून बैलगाडीतून यायला इतका उशीर झाला की तिच्या आईने घरातलीच हळद कालवून लावली आणि ही उष्टी हळद म्हणून दडपून सांगितलं. आजी म्हणायची, माझा संसार न-उष्ट्या हळदीवर झाला.

आणि सासरी आल्यावर पहिल्या दिवसापासून आजोबांच्या उष्ट्या ताटात जेवायचं. ते उठले की त्याच ताटात स्वतःला वाढून घ्यायचं. आमच्या लहानपणी हे कोणीतरी खूप प्रेमाचं वगैरे म्हणून सांगितलेलं आठवतंय.

*

यात प्रेमाचं काय आहे हे कोणीतरी मला सांगा प्लीज. माझी आई जेवायची असं, आम्ही कोकणातले, मालवणकडचे. बाबा ताटात मुद्दाम माशाची तुकडी ठेवायचे तिच्यासाठी, ते लोक कौतुकाने सांगतात. अरे मग तिला वेगळ्या ताटात वाढा ना आख्खी तुकडी! आणि जेवून झाल्यावर उष्टी कोणी काढायची, तर तिनेच. उष्टी काढणं हा शब्द आता जाईल बहुतेक, डायनिंग टेबलावर कोण काढणार. तेव्हा पंगत उठली की ताटं-पत्रावळी उचलायच्या, सांडलेली शितं गोळा करायची आणि ती जमीन शेणाने सारवायची, मग पुढची पंगत. दिवाळीला, लग्नाला, बारशाला बायकांना आठवणारी गोष्ट कुठली असेल तर ती उष्टी.

एक गोड आठवण मात्र आहे उष्ट्याची, कैरी किंवा पेरू एकच असायचा आणि खाणारे चार, तेव्हा फ्रॉकच्या टोकात गुंडाळून चावून तुकडा पाडायचा. चिमणीच्या दाताने. कापड मध्ये आलं की उष्टं होत नाही. कापडाला लाळ लागलेली चालते हां!

*

चिमणीच्या दाताने!! आमच्याकडे शाळेच्या शर्टात आवळा सुपारीपासून लिमलेटच्या गोळीपर्यंत सगळं. गोळी फुटताना त्यातला मोठा तुकडा नेहमी फोडणाऱ्याचा.

अवांतर : पंढरपूरजवळ गोपाळपूरला आषाढी पौर्णिमेला काला होतो त्यात लोक एकमेकांच्या तोंडात घालतात, तिथे कोण कोणाचं उष्टं कोणी बघत नाही. सप्ताहाच्या शेवटी काल्याचं कीर्तन असतं त्यामागे हीच गोष्ट, कृष्ण गवळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र करून त्यांचं उष्टं खातो. म्हणजे शब्द तोच, मांडव बदलला की अर्थ बदलतो.

*

मालवणच्या ताई, तुम्ही बोललात ते माझ्या पोस्टचं पुढचंच वाक्य होतं, मी जेवायला उठले तेवढ्यात.

आजीने तेरा वर्षं उष्ट्या ताटात जेवून काढली. १९६८ ला आजोबांना टीबी झाला. मिरजेला वानलेसवाडीच्या सॅनिटोरियममध्ये काही महिने होते, घरी पाठवताना डॉक्टरांनी आजीला बजावलं, यांचं ताट, वाटी, पेला वेगळा ठेवायचा, कोणीही वापरायचा नाही. आजीने बाजारातून स्वतःसाठी नवीन पितळी ताट आणलं. मोठं, काठ असलेलं. आजोबा वर्षभरात खडखडीत बरे झाले, सासूने आडून आडून सुचवलं की आता चालेल एका ताटात, तर आजी म्हणाली, ‘मला मेलीला आता वेगळ्या ताटाची सवय झाली हो.’ बस. भांडण नाही काही नाही. ते ताट अजून आईकडे आहे, त्यात आम्ही पापडाचं पीठ मळतो.

गंमत म्हणजे नवऱ्याचं उष्टं सोडलेली ही बाई आम्हा नातवंडांचं उष्टं मात्र बिनदिक्कत खायची. ताटात टाकलेला भात, चावून ठेवलेली पोळी, अर्धा चोखलेला आंबा. अन्न टाकायचं नाही, एवढंच. आता मीही मुलीच्या डब्यात उरलेली भाजी ओट्यापाशी उभी राहून संपवते आणि वर वजन वाढलं म्हणून रडते.

आणि ती कोणाला चिकट म्हणायची तर ‘उष्ट्या हाताने कावळा हाकणार नाही’ हे ठरलेलं. हाताला लागलेलं शीत उडून कावळ्याला मिळेल म्हणून हात हलवत नाही असा माणूस. आमच्या एका नातेवाइकांचं तर तिने नावच ते ठेवलं होतं, ‘आज कावळेवाले येणारेत’.

२०११ ला गेली. दहाव्याला घाटावर पिंड ठेवला आणि आम्ही मागे सरकायच्या आतच कावळा बसला. आमच्याकडे सगळ्यांची तयारी होती तासभर थांबायची, काकांनी तर मनातल्या मनात कबूल करायच्या गोष्टींची यादी केली होती, दर्भाचा कावळाही भटजींनी पिशवीत आणला होता, आणि इथे पाच सेकंदात काम झालं. काका म्हणाले, जन्मभर सगळ्यांच्या मागून जेवली, आज पहिल्यांदा कोणासाठी थांबली नाही. आम्ही घाटावर उभे राहून हसलो, भटजी बघत राहिले.

*

ताई, दहाव्याबद्दल शब्दाचंच एक. त्याला आपण ‘कावळा शिवला’ म्हणतो, उष्टावला म्हणत नाही, चोच मारली तरी. पण पोपटाने पेरू उष्टावला म्हणतो. कवी लोक भुंग्याने फूल उष्टावलं म्हणतात. म्हणजे पक्ष्याने तोंड लावलं की उष्टं होतं पण पिंडाला नाही. कारण तिथे पक्षी नसतो ना, आपलं माणूस असतं आणि आपल्या माणसाचं…

(असं मला वाटतं. कोणाला जास्त माहिती असेल तर लिहा.)

*

हे बरोबर वाटतंय. फक्त ‘आपल्या माणसाचं उष्टं लागत नाही’ हे आमच्या घरी सांगू नका, लोणच्याच्या बरणीवरून आधीच वातावरण तंग आहे.

*

अपडेट. कालच झाली. (की झालं. मी ठरवून टाकलं, झाली.)

आमंत्रणात शेवटी ‘उष्टावण’ आणि खाली बंगालीत ‘मुखेभात’ असं दोन्ही छापलं, बंगाली असं की देवनागरीतच लिहिलं कारण मला लिपी येत नाही. कोलकात्याहून वहिनीचा भाऊ आला होता, मामाच्या मांडीवर बसवायचं त्यांच्यातही आहे म्हणे, त्यामुळे त्यावर वाद झाला नाही. खीर कोणती यावर झाला. आईची शेवयांची तयार होती, त्यांना तांदळाची पायेशच हवी. मग दोन वाट्या.

मामाने चांदीच्या चमच्याने पायेश पुढे केली. बाळाने तोंड गच्च मिटलं. सोन्याच्या अंगठीने लावून बघितली, नाही. आईने शेवयांची दाखवली, मान फिरवली. सगळे टाळ्या वाजवतायत, मोबाइल वर धरलेत, आणि अचानक त्याने चमचा दोन्ही हातांनी पकडला, जोरात उलटा फिरवला आणि थेट मामाच्या तोंडात. अर्धी पायेश दाढीवर.

तर आता जाणकारांनी सांगावं, ही उष्टावण धरायची कोणाची? आई म्हणते मामाने तोच चमचा परत बाळाला लावला, म्हणजे बाळाचीच झाली. वहिनी म्हणते, हो, पण मग चमचा उष्टा होता ना आई?