मदत हवी आहे: चिऱ्याच्या भिंतीतून एक्झॉस्ट फॅन आणि चिमणीचा पाइप बाहेर काढायचा आहे

नमस्कार मंडळी,

आमचं घर देवगड तालुक्यात, समुद्राला अगदी लागून. कौलारू, भिंती जांभ्या चिऱ्याच्या, बाहेरून गिलावा नाही. आईबाबा आता बारा महिने तिथेच राहणार, म्हणून न्हाणीघर घरात घेतलं आणि ओटा नवा केला. न्हाणीघराचा पंखा ६ इंची, चिमणीचा पाइपही ६ इंची. दोन्ही बाहेर काढायचेत आणि तिथेच काम अडलंय.

बाहेरची भिंत नेमकी पश्चिमेची. पावसाची झड थेट तिच्यावर बसते, पूर्वी पावसाळ्याआधी त्या अंगाला झापं बांधायचे. त्यामुळे गवंडी म्हणतात, भिंतीला हात लावू नका, दोन्ही पाइप माळ्यावर सोडा, वाफ कौलांच्या फटीतून जाईल निघून. मला हे अजिबात पटत नाही. आषाढात बाहेरची हवाच ओलीचिंब असते, वाफ जाणार कुठे? ती वासे-रिपांवर बसणार, वर फोडणीचं तेल चिकटणार. बुरशी आली, मागोमाग वाळवी आली, की ते जुनं लाकूड पुन्हा कुठून आणायचं?

म्हणून विचारतोय: पश्चिमेच्या भिंतीतूनच काढायचं तर पाणी आत येऊ नये यासाठी काय करावं? दोन्हींना मिळून एकच भोक चालेल का? खाऱ्या हवेत जाळी, झडप, स्क्रू कशाचे घ्यावेत? गॅस गीझरही न्हाणीघरातच लावायचा विचार आहे.

प्रतिसाद १

आधी गीझरचं. कृपा करून गॅस गीझर न्हाणीघरात लावू नका. बंद खोलीत ज्योत पेटली की कार्बन मोनॉक्साइड साठू शकतो. त्याला ना वास, ना रंग. माणूस अंघोळ करताकरता कोसळतो. एक्झॉस्ट फॅन आहे म्हणून निर्धास्त राहू नका. बाहेरची हवा आत यायला वाट नसेल तर पंखा धुराड्यातला धूरच उलटा खोलीत ओढतो. गीझर बाहेर मोकळ्या पडवीत लावा, आत फक्त गरम पाण्याचा नळ आणा. घरात वयस्कर माणसं आहेत, यात तडजोड नको.

माळ्याबद्दल तुमचंच बरोबर आहे.

प्रतिसाद २

मी रत्नागिरीकडे ही कामं करतो. भोकं दोन वेगळीच घ्या. एकत्र केलीत तर चिमणी चालू असताना मसाल्याचा वास न्हाणीघरात येईल. छिन्नी-हातोड्याने ठोकू नका, जांभा कडेने ढासळतो. कोअर कटिंगवाल्याला (यंत्राने गोल भोक कापून देणाऱ्याला) बोलवा. भोक बाहेरच्या बाजूला थोडं उतरतं ठेवा, म्हणजे आत शिरलेलं पाणी आपोआप बाहेर जाईल.

न्हाणीघराला पीव्हीसी पाइप चालतो, चिमणीला नको: उष्णतेने मऊ पडतो आणि आत साचलेल्या तेलाने पेट घेतला तर आग भडकते. तिथे धातूचाच. दोन्हींच्या बाहेरच्या टोकाला खाली तोंड केलेला बाक आणि आपली आपण मिटणारी झडप. जाळी न्हाणीघराच्या पाइपाला लावा, पाखरं घरटी करतात. चिमणीला बारीक जाळी लावू नका, तेलाने बुजते. स्क्रू आणि क्लिपा ३१६ ग्रेड स्टेनलेसच्या घ्या. साधं लोखंड खाऱ्या वाऱ्यात टिकत नाही.

जांभा पाणी पितो, त्यामुळे पाइपाभोवती नुसतं सिलिकॉन लावून भागत नाही. फट आधी वॉटरप्रूफ मसाल्याने भरा, भोवती हातभर गिलावा करा, सिलिकॉन शेवटी. जमलं तर भोकं वळचणीखाली अगदी वर घ्या. न्हाणीघराचा पाइप उत्तरेच्या भिंतीकडे वळवता येतोय का तेही बघा, झडीचा मारा तिथे कमी.

आणि न्हाणीघराच्या दाराखाली बोटभर फट ठेवायला सांगा. आत हवा आली नाही तर पंखा नुसताच फिरेल.

मूळ धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. गीझर पडवीत लावायचं आजच घरी सांगितलं. उत्तरेच्या भिंतीपर्यंत पाइप साधारण ९ फूट होईल आणि मध्ये दोन बाक येतील. तेवढ्यासाठी ६ इंची पंखा पुरेल का, की मोठा घ्यावा?